गॉसिप हा शब्द आला कुठून? जुन्या इंग्रजी शब्दाचा माग स्वतः कसा काढायचा

एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो, तुमच्याकडेही आला असेल. त्यात म्हणतात की पूर्वी टीव्ही-रेडिओ नव्हता तेव्हा लोकांच्या मनात काय चाललंय ते कळावं म्हणून पुढारी आपली माणसं गुत्त्यावर पाठवायचे, "गो सिप", म्हणजे जा, दोन घोट घे आणि लोक काय बोलतात ते ऐकून ये, आणि त्या गो सिपचंच पुढे गॉसिप झालं. गोष्ट झकास आहे आणि अख्खी थाप आहे. पण ती थाप आहे हे मी सांगतोय म्हणून मानू नका, घरबसल्या, फुकट, एका संध्याकाळीत स्वतः तपासता येतं, आणि तपासायची जी पद्धत आहे ती कुठल्याही जुन्या इंग्रजी शब्दाला चालते. म्हणून हाच शब्द घेऊन दाखवतो.

आधी एक घोळ मिटवू. "ओल्ड इंग्लिश" म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात शेक्सपिअर येतो. तो ओल्ड इंग्लिश नाही. साधारण ४५० ते ११५० पर्यंतची ती ओल्ड इंग्लिश, अँग्लो-सॅक्सन लोकांची, आजच्या इंग्रजाला ती वाचून ओ की ठो कळत नाही. ११५० ते १५०० मिडल इंग्लिश, कवी चॉसर त्यातला. त्यानंतरची अर्ली मॉडर्न, शेक्सपिअर तिथे बसतो. हे तीन कप्पे डोक्यात पक्के ठेवा, कारण प्रत्येक कप्प्याची डिक्शनरी वेगळी आहे आणि चुकीच्या डिक्शनरीत शब्द शोधत बसलात तर तो "नाहीच" असं वाटेल.

सुरुवात एटिमऑनलाइन या शब्दांची व्युत्पत्ती देणाऱ्या वेबसाइटवरून करायची. फुकट आहे, शब्द टाकला की चार ओळीत सगळा सांगाडा मिळतो. गॉसिप टाकलंत तर कळतं की मूळ शब्द "गॉडसिब", अर्थ बाप्तिस्म्याच्या वेळी मुलासाठी उभा राहणारा माणूस, पुढे जवळचा मित्र, मग बडबड्या माणूस आणि सगळ्यात शेवटी नुसती बडबड. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि स्टेटस टाकून मोकळे होतात. माझं म्हणणं असं की मूळ सापडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, ते दुसऱ्या कोणीतरी आधीच शोधून ठेवलेलं असतं. खरं काम मधल्या पायऱ्यांचं. धर्मपित्यापासून कुचाळक्यांपर्यंत शब्द गेला कसा, आणि तो गेला हे दाखवणारं वाक्य तुमच्या हातात आहे का. वाक्य नसेल तर तुमच्याकडे फक्त एक गोष्ट आहे, फॉरवर्डवाल्याकडे होती तशीच.

तर सांगाडा वहीत उतरवून घ्या आणि एकेक हाड तपासायला लागा.

ओल्ड इंग्लिशसाठी बॉसवर्थ-टोलर. जुनी, मोठी, भरवशाची डिक्शनरी, आणि प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या मंडळींनी ती ऑनलाइन फुकट ठेवलीय. इथे "गॉसिप" टाकून काही मिळणार नाही, एटिमऑनलाइनने दिलेलं जुनं स्पेलिंग जसंच्या तसं टाकायचं. त्या काळी इंग्रजीत "थ"च्या उच्चाराला वेगळी अक्षरं होती आणि ए-ई जोडून लिहिलेलं एक अक्षर होतं, ती कीबोर्डवर नसतात, म्हणून सरळ कॉपी-पेस्ट करा, डोकं लावू नका. शब्द जोडशब्द असला तर दोन्ही तुकडे वेगवेगळे शोधायचे, हे फार जण करत नाहीत आणि गंमत तिथेच असते. गॉड तर कळलाच. "सिब" बघा: नातं, रक्ताचं माणूस, आणि शिवाय शांतता, सलोखा. जर्मनमध्ये आजही कुळाला, गोतावळ्याला "झिपं" म्हणतात, तो याचाच भाऊबंद. म्हणजे गॉडसिब म्हणजे देवाच्या साक्षीने जुळलेला सोयरा. यात घोट घेणं कुठे आलं सांगा.

आता सगळ्यात जुनं वाक्य. १०१४ साली यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने इंग्लंडच्या लोकांना एक जळजळीत प्रवचन दिलं. काळ वाईट होता, डेन लोकांच्या धाडी चालू होत्या, राजा एथेलरेड थोड्याच काळापूर्वी देश सोडून पळाला होता, आणि वुल्फस्टनचं म्हणणं की हे सगळं तुमच्याच पापांचं फळ आहे. पापांची यादी वाचताना तो म्हणतो की या देशात जिकडेतिकडे गॉडसिब आणि धर्मलेकरं यांना फार मोठ्या संख्येने मारून टाकलंय. गॉसिपची ही सगळ्यात जुनी लेखी नोंद, खूनखराब्याच्या यादीतली. इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. एक, "पहिली नोंद १०१४" म्हणजे शब्द १०१४ मध्ये जन्मला असं नाही, त्याआधीचं जे लिहिलेलं होतं त्यातलं आज हाती लागलेलं सगळ्यात जुनं एवढंच. प्रवचनात समोरच्या लोकांना समजावून न सांगता शब्द वापरलाय म्हणजे तो लोकांच्या तोंडी आधीपासून होताच. दुसरी, शेजारचे शब्द बघायचे. गॉडसिब आणि धर्मलेकरू जोडीने आलेत, बापाने मूल विकलं, मुलाने आई विकली, भावाने भाऊ विकला अशा वाक्यांच्या रांगेत आलेत, म्हणजे हे नातं तेव्हा रक्ताच्या नात्याच्या पंगतीला बसत होतं.

आणि ते खरोखर बसत होतं, चर्चच्या कायद्यानेसुद्धा. मूल फाँटपाशी, म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापाशी, आणलं की त्याच्या वतीने उत्तरं द्यायला ही माणसं उभी राहायची. इंग्लंडात मुलगा असेल तर दोन पुरुष एक बाई आणि मुलगी असेल तर दोन बायका एक पुरुष असा रिवाज. एकदा उभं राहिलं की त्या मुलाशी आणि मुलाच्या आईबापाशीही आध्यात्मिक नातं लागलं, मग त्यांच्यात लग्नाला बंदी. वसईत, गोव्यात ज्यांची घरं आहेत त्यांना धर्मपिता-धर्ममाता हे प्रकरण माहीतच आहे. तर मूळ गॉडसिब ही नुसती मुलाची धर्ममाता नाही, ती मुलाच्या आईबापाची नातेवाईकही होते. हा बारकावा धरून ठेवा, पुढचा सगळा खेळ त्यावर आहे. १३६६ चे किल्केनीचे कायदे आहेत, आयर्लंडमधल्या इंग्रजांनी आयरिश लोकांत मिसळू नये म्हणून केलेले, त्यात लग्न, मूल सांभाळायला देणं आणि "गॉसिपरेड" अशा तिन्ही संबंधांवर बंदी आहे. मूळ कायदा फ्रेंचमध्ये लिहिलाय, इंग्रजी भाषांतरात हा शब्द येतो. म्हणजे गॉसिपचं नातं जोडणं हा एके काळी राजद्रोहाच्या जवळपासचा मामला होता, आणि आपण लिफ्टमध्ये उभं राहून करतो!

आता मिडल इंग्लिश. यासाठी मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी, हीही फुकट. इथे अडचण स्पेलिंगची. तेव्हा नियम असा काही नव्हताच, लिहिणाऱ्याच्या मनाला येईल तसं, त्यामुळे एकच शब्द पाच-सहा तऱ्हांनी सापडतो. डिक्शनरीत सर्चचा जो पर्याय "सगळ्या रूपांत शोधा" असा असतो तो लावा. शब्द उघडला की अर्थांखाली नुसती वाक्यांची रांग दिसते, साल, हस्तलिखिताचं नाव, वाक्य. कंटाळवाणं वाटेल पण हेच सोनं. अर्थ वाचू नका, आधी वाक्यं वाचा आणि अर्थ स्वतः लावून बघा, मग डिक्शनरीवाल्यांशी जुळतो का पाहा.

इथे चॉसर भेटतो. चौदाव्या शतकाच्या शेवटी लिहिलेल्या कँटरबरी टेल्समध्ये बाथ गावची एक बायको, पाच नवरे केलेली, बोलायला फटकळ, ती आपल्या एका मैत्रिणीबद्दल सांगते: माझी गॉसिब, आमच्याच गावातली, देव तिच्या आत्म्याला शांती देवो, ॲलिसन तिचं नाव, माझं मन आणि माझी गुपितं आमच्या पाद्रीबाबापेक्षा तिला जास्त ठाऊक. बघा काय झालंय ते. इथे बाप्तिस्म्याचा पत्ता नाही, गॉसिब म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. आणि ही मैत्रीण काय करते तर गुपितं ऐकते. बाथची बायको पुढे हेही सांगते की नवऱ्याची प्रत्येक भानगड मी हिला जाऊन सांगायचे आणि तो बिचारा लाजेने लालेलाल व्हायचा. अजून शब्दाला वाईट वास नाही, पण कुठल्या दिशेने चाललाय ते दिसतंच आहे. अशी वाक्यं, जिथे जुना अर्थ सुटत आलाय आणि नवा अजून पुरता बसला नाहीये, ती सापडली की समजायचं आपलं काम नीट चाललंय.

मधेच एक तपासणी उच्चाराची. कुठल्याही व्युत्पत्तीत विचारायचं की हे अक्षर कुठे गेलं आणि तसं दुसऱ्या कुठल्या शब्दात होतं का. गॉडसिबमधला ड पुढच्या सला चिकटून स्स झाला. होतं का असं? होतं, गॉस्पेल हा शब्द आधी "गोदस्पेल" होता, चांगली बातमी, तिथलाही ड सच्या तोंडी गेला. शेवटच्या बचा प झाला, शब्दाच्या आघात नसलेल्या टोकाला असं होणं नवलाचं नाही. चॉसरपर्यंत ब आहे, मग प येतो. आता गो सिपला हेच लावा: १०१४ मध्ये शब्दात ड आणि ब दोन्ही आहेत, तुमच्या सिपमध्ये कुठे आहेत? संपला विषय.

पुढे शेक्सपिअर. त्याच्या नाटकांचा मजकूर नेटवर शोधता येतो, शब्द टाकायचा आणि सगळ्या जागा काढायच्या. एकाच माणसाने एकच शब्द किती अर्थांनी वापरलाय ते बघायला यासारखी जागा नाही. कॉमेडी ऑफ एरर्सच्या शेवटी हरवलेली जुळी मुलं ३३ वर्षांनी सापडतात तेव्हा आई सगळ्यांना "गॉसिप्स फीस्ट"ला बोलावते, म्हणजे बाप्तिस्म्याची मेजवानी, आणि ड्यूक म्हणतो मी या मेजवानीत गॉसिप करीन, म्हणजे धर्मपित्याचं काम करीन. हेन्री द एट्थ हे नाटक त्याने फ्लेचर या दुसऱ्या नाटककाराबरोबर लिहिलं, त्यात राजा आपल्या पोरीच्या बाप्तिस्म्याला आलेल्या बड्या मंडळींना "माझे थोर गॉसिप्स" म्हणून आभार मानतो, आणि त्या मंडळींत खुद्द आर्चबिशप क्रॅनमर आहे. आर्चबिशपला गॉसिप म्हटलं आणि कोणाला वावगं वाटलं नाही. पण मर्चंट ऑफ व्हेनिसमध्ये अफवेलाच बाई मानून, आलं चघळणारी खोटारडी गॉसिप अशी टिंगल आहे. तिन्ही एकाच लेखकाच्या नावावरचं, जेमतेम वीस वर्षांच्या आतलं. म्हणून "अमुक साली अर्थ बदलला" असं कोणी ठासून सांगितलं की सावध व्हा. जुना अर्थ उठून गेला आणि नवा येऊन बसला असं होत नाही, दोघं कितीतरी वर्षं एकाच घरात नांदतात.

मग मैत्रिणीवरून टिंगलीवर गाडी गेली कशी? इथे डिक्शनरी बाजूला ठेवून त्या काळाचं जगणं वाचावं लागतं, आणि मला विचाराल तर या शब्दात सगळ्यात रंगतदार भाग हाच. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडात बाई बाळंत व्हायला आली की खोली बंद व्हायची. पडदे ओढलेले, शेकोटी पेटलेली, पुरुषांना मज्जाव, नवऱ्यालासुद्धा. सुईण आणि बोलावून आणलेल्या शेजारणी-मैत्रिणी आत. या बायकांना गॉसिप्स म्हणायचे, कारण त्यांच्यातलीच कोणीतरी पुढे मुलाची धर्ममाता व्हायची. बाळंतिणीला कॉडल पाजायचे, एल (एक प्रकारची बिअर) किंवा वाइन घालून केलेली गरम मसालेदार पेज, आणि बाकीच्याही त्याचा समाचार घ्यायच्या. बाळंतीण साधारण महिनाभर घरातच, मग चर्चमध्ये जाऊन शुद्धी. तेवढे दिवस बायकांची ये-जा चालू. आपल्याकडे बारशाला स्वयंपाकघरात जी मैफल जमते आणि बाहेर सोफ्यावर बसलेल्या पुरुषांना नुसते हसण्याचे आवाज येतात, तसंच काहीसं. बाहेरच्यांना वाटणार की आत आपल्याबद्दलच बोलतायत. बऱ्याचदा बरोबरही असेल ते. आणि लिहिणारे हे बाहेरचे होते, पेन त्यांच्या हातात. त्या काळच्या थट्टेच्या लिखाणात गॉसिप्स म्हणजे पिणाऱ्या, खाणाऱ्या, नवऱ्यांची उणीदुणी काढणाऱ्या बायका असं चित्र वारंवार येतं.

याचा सज्जड पुरावा सॅम्युअल जॉन्सनची १७५५ ची डिक्शनरी. तीही ऑनलाइन फुकट आहे. गॉसिपखाली तीन अर्थ: बाप्तिस्म्यात मुलाच्या वतीने उत्तर देणारा, पिण्यातला सोबती, आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या बायकांसारखी बडबड करत हिंडणारी व्यक्ती. तिसरा अर्थ सांगायला त्याला बाळंतिणीची खोलीच आठवली यातच सगळं आलं. दुसरा अर्थ बघून गो सिपवाले खूश होतील, पण तो धर्मपित्याच्या नंतर आलेला आहे, आधी नाही.

जॉन्सनकडेही गॉसिप हा माणूसच आहे, बोलणं नाही. आपण आज "काय गॉसिप आहे?" म्हणतो, तो अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, पहिली नोंद १८११ ची देतात. माणसाचं नाव त्याच्या उद्योगाला लागलं. हे तपासायला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. नवीन आवृत्तीला पैसे पडतात, कॉलेजच्या लायब्ररीकडून लॉगिन मिळतं का विचारा, नाहीतर पहिल्या आवृत्तीचे जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, एफ-जीचा खंड १९०१ चा. त्या काळाच्या मानाने इतकं बारीक काम केलंय की आपल्याला पुरून उरतं.

आकड्यांची हौस असेल तर गूगलचा एनग्राम व्ह्यूअर आहे, छापील पुस्तकांत शब्द किती आला त्याचा आलेख देतो. पण इथे एक सापळा आहे. १८०० च्या आधीच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या मधला एस लांबडा छापायचे, तो हुबेहूब एफसारखा दिसतो, आणि कॉम्प्युटर स्कॅन वाचताना त्याला एफच समजतो. त्यामुळे गॉसिपमधले दोन्ही एस जाऊन "गॉफिप" तयार होतं. आलेखात अठराव्या शतकात शब्द कमी दिसतो आणि १८०० नंतर एकदम उसळतो, लोक म्हणतात बघा तेव्हापासून लोक गॉसिप करायला लागले! दोन एसच्या जागी दोन एफ टाकून दुसरी रेघ काढा, हरवलेले गॉसिप्स तिथे सापडतील. एस असलेल्या कुठल्याही शब्दाला हे करायचंच.

शेवटची आणि माझी सगळ्यात आवडती कसोटी म्हणजे शेजारच्या भाषा. तुम्ही लावलेली साखळी खरी असेल तर तसंच दुसरीकडेही झालेलं असण्याची शक्यता दांडगी. फ्रेंचमध्ये "कोमेर" म्हणजे मुळात मुलाची धर्ममाता, आईबापाच्या नात्याने, आज त्याचा अर्थ चोंबडी बाई आणि "कोमेराज" म्हणजे कुचाळक्या. स्पॅनिशमध्ये "कोमाद्रे"वरून कुचाळक्या करण्याचं क्रियापद. पोर्तुगीजमध्येही तसंच. स्कॉटलंडमध्ये फ्रेंचवरून घेतलेला "किमर" शब्द, त्यात धर्ममाता, मैत्रीण, सुईण, बडबडी बाई सगळं एका पोतडीत. एवढ्या ठिकाणी तोच प्रवास झालाय म्हटल्यावर चर्चचं नातं, बाळंतिणीची खोली आणि बायकांच्या बोलण्याकडे बघायची पुरुषांची नजर हे तिन्ही धागे आपण बरोबर धरलेत असं म्हणायला हरकत नाही. गॉडपॅरेंट पुरुषही होते, आर्चबिशपसुद्धा, पण चिखल फक्त बायकांच्या अंगावर उडाला, हेही त्यात दिसतं. मराठी भाषाविज्ञानाच्या पुस्तकात याला अर्थापकर्ष म्हणतात, शब्दाची पत घसरणं.

आणि हे सगळं झाल्यावर कोणी "गॉसिपचा खरा अर्थ धर्ममाता" असं सांगायला लागला तर त्यालाही आवरा. तो सगळ्यात जुना अर्थ आहे. खरा अर्थ आज लोक ज्या अर्थाने वापरतात तोच.

पुढचा शब्द निवडताना आधी बघा की तो बॉसवर्थ-टोलर आणि मिशिगन दोन्हीकडे आहे, म्हणजे साखळी तुटत नाही. "सिली" घ्या, तो सुखी आणि पुण्यवान इथून निघून बावळटापर्यंत आलाय आणि वाटेतली वाक्यं भरपूर मिळतात. "डिअर" पण छान, आधी कुठलाही जंगली प्राणी, मग फक्त हरीण. "सिबलिंग" जरा वेगळा, आपल्याच सिबवरून झालेला, मधे काही शतकं गायब होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकतेवर काम करणाऱ्यांना भाऊ-बहीण दोघांना मिळून एक शब्द हवा होता म्हणून परत काढला. फक्त "डॉग" आणि "गर्ल" यांच्या वाटेला पहिल्याच फटक्यात जाऊ नका, त्यांचं मूळ भल्याभल्यांना नक्की लावता आलेलं नाही, आठवडा जाईल आणि हाती काही लागणार नाही.